पहिल्या जोडीतली जागा

माझी मुलगी जन्मली तेव्हा मी अकोल्याच्या एका नाट्यगृहात, मंचामागच्या खोलीत बसलो होतो. अंगावर आईचं हिरवं लुगडं, पायात चाळ, तोंडाला रंग. नाचत होतो असंही म्हणता येत नाही, कारण आमचा नंबर अजून लागला नव्हता.

बायको पहिल्या बाळंतपणाला माहेरी गेली होती, मूर्तिजापूरजवळच्या खेड्यात. डॉक्टरांनी दिलेली तारीख पंधरा दिवस लांब होती, म्हणून मी स्पर्धेला गेलो. दुपारी एकच्या सुमारास माझा साळा मला शोधत नाट्यगृहात आला. तेव्हा आमच्यापैकी कोणाकडे मोबाइल नव्हता. लुगड्यातल्या मला त्यानं ओळखलंच नाही, मीच त्याला हाक मारली.

"भाऊजी, ताईले दवाखान्यात नेलं. चला."

"कवा?"

"सकाळी. माय म्हने, वेळ लागन, पन तू त्याईले घेऊनच ये."

मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. आमच्या आधी दोनच संघ राहिले होते. मी म्हटलं, "वीस मिनिटं थांब. झालं की निंगू."

त्या वीस मिनिटांचे अडीच तास झाले. आधी लाइट गेली. ती आली तर परीक्षक जेवायला गेले. साळा प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहिला. चला असं त्यानं दुसऱ्यांदा म्हटलं नाही. म्हटलं असतं तर मी उठलो असतो, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगत होतो. शेवटी आमचा नंबर लागला, आम्ही नाचलो, आणि लुगडं सोडून मी साळ्याबरोबर स्टेशनावर पळालो. मूर्तिजापूरच्या दवाखान्यात पोचलो तेव्हा साडेपाच वाजले होते. मुलगी अडीचलाच झाली होती. सासूबाई दारातच होत्या. त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "आधी तोंड धुवा. डोळ्यात काजळ हाये." मी नळावर जाऊन तोंड धुतलं आणि आत गेलो. बायको म्हणाली, "आले का," आणि कुशीवर वळली.

ती भांडली नाही. पण साळ्यानं तिला सगळं सांगितलं होतं. आमच्या घरात 'वीस मिनिटं' हा शब्दच होऊन बसला. गॅसवाला आला नाही, पाहुण्यांना उशीर झाला, मुलीची शाळेची बस चुकली, की बायको म्हणायची, "येतीन. वीस मिनिटांत."

आम्ही माळी. अमरावतीच्या बाहेर आमच्या घरचा झेंडू आणि शेवंतीचा मळा आहे, तो माझा मोठा भाऊ पाहतो. मी आयटीआय करून बडनेऱ्याला रेल्वेत लागलो, सिग्नलच्या कामावर. नोकरीला लागलो त्याच वर्षी एका चित्रकलेच्या शिक्षकांनी आमचा संघ उभा केला. त्यांना सगळे सर म्हणत. दंडार म्हणजे टिपऱ्या घेऊन जोडीजोडीनं नाचायचा आपल्याकडचा जुना नाच, ती मंचावर आणायची त्यांची हौस होती. संघात एक टेलर होता, एक औषधाच्या दुकानात बसणारा, दोन शाळामास्तर आणि मी. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी एका शाळेच्या हॉलमध्ये तालीम. गणपतीत दोनचार कार्यक्रम, वर्षाला एखादी हौशी स्पर्धा. कोणाचं पोट त्यावर नव्हतं.

सुरुवातीला संघात बाई एकही नव्हती. मी अंगानं बारीक, म्हणून लुगडं माझ्या वाट्याला आलं. वडील एवढंच म्हणाले, "आपल्या घरात कोनी नाचलं नाही," आणि नंतर त्यांनी तो विषयच काढला नाही. लुगडं आईनं दिलं. नेसवून दिलं तेही तिनंच. म्हणाली, "नाचाचं त नाच. पन निऱ्या बरोबर घाल. लोकं हासले त निऱ्यांवर हासतीन." मी दहा दिवस रोज तिच्यासमोर नेसून दाखवत होतो.

मुलगी झाल्यावर मी आठ महिने तालमीला गेलो नाही. जाऊ नका असं मला कोणी म्हटलं नव्हतं. एक दिवस जेवताना बायको म्हणाली, "तुमी ताटावर बोटं वाजवून राहिले. पोरगी उठते त्यानं. जा तिकडं, नाचा. पन घरातलं काही असलं त आधी मले इचारा, मंग ठरवा. मी हो म्हनन, नाही म्हनन, पन इचारा."

हा करार बरीच वर्षं चालला. भावाची वास्तुशांत आणि यवतमाळचा कार्यक्रम एकाच दिवशी आले, तेव्हा ती नाही म्हणाली आणि मी वास्तुशांतीत पंगती वाढल्या. तिच्याच चुलतबहिणीच्या हळदीला मात्र ती आपणहून म्हणाली, "तिथं तुमचं काही काम नाही, जा." मुलीला ताप होता तेव्हा चिखलदऱ्याला जायचं होतं. मी विचारलं, तिनं थर्मामीटर दाखवला, विषय संपला. आई गेली त्या वर्षी मी काहीच विचारलं नाही आणि सरांनीही काही विचारलं नाही. तेरवी झाल्यावर हिरवं लुगडं मी धुऊन, घडी करून बहिणीकडे पाठवलं. तोवर संघात बाया यायला लागल्या होत्या, त्यामुळे मला ते लागणारही नव्हतं.

लुगडं सुटल्यावर मी पहिल्या जोडीत आलो, डावीकडे. ही जागा साधी नाही. मागच्या पाचही जोड्या त्या माणसाकडे पाहून चाल बदलतात. ढोलकी वाजत असते, टिपऱ्या वाजत असतात, तोंडानं सांगून कोणाला ऐकू जात नाही. बसायचं कधी, गिरकी कधी, हे त्या माणसानं अंगानं सांगायचं. मी त्या जागेवर सोळा वर्षं उभा राहिलो. ड्यूटी बदलून घ्यायला माझ्याइतकी हांजी हांजी बडनेऱ्यात कोणी केली नसेल.

मग मुलीचं लग्न ठरलं. ती अमरावतीलाच एका शाळेत शिकवत होती. मुलगा अकोल्याचा, बँकेत. त्याचे वडील एसटीतून कंडक्टर म्हणून रिटायर झालेले, बोलणं मोजकं, पण माणूस मोकळा. पसंती झाली आणि साक्षगंधाची, म्हणजे साखरपुड्याची, तारीख काढायला मंडळी आमच्या घरी आली. मुलाच्या वडिलांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढून मांडीवर घेतलं, दोन पानं उलटली आणि एका रविवारवर बोट ठेवलं.

"हा कसा वाटते? आमच्या मोठ्या भावाले पुढं सुटी नाही."

त्याच रविवारी दुपारी अकोल्याला आमच्या स्पर्धेची अंतिम फेरी होती. आमचा संघ इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिथवर पोचला होता. आठच दिवसांपूर्वी आम्ही हॉलमध्ये पेढे वाटले होते. बायकोला फेरीचं माहीत होतं, तारीख माहीत नव्हती. सगळे माझ्याकडे पाहायला लागले.

"जमते," मी म्हणालो.

त्या दिवशी किंवा नंतरही मी बायकोला काही सांगितलं नाही. का, ते आता सरळ सांगतो. मुलीच्या जन्माला मी नव्हतो, तर साक्षगंधाला पूर्ण असावं, हे एक. विचारलं असतं तर ती नाही म्हणाली असती आणि ते नाही तिचं झालं असतं. मला ते माझं हवं होतं, हे दुसरं. आणि कधीतरी तिला आपोआप कळेल, तेव्हा तिला काय वाटेल, याचा विचार करायला मला बरं वाटत होतं. हे तिसरं मला तेव्हा कबूल नव्हतं.

सरांना मात्र सांगावंच लागलं. ते तेव्हा पंचाहत्तरीला आले होते, ढोलकीवाल्याशेजारी खुर्ची टाकून बसायचे.

"साक्षगंध सकाळी घे ना बा. दुपारी गाडी करून ये अकोल्याले. दोन तासांचा त रस्ता."

"मुलीचा बाप हावो सर. पाहुणे जेवल्याबिगर कसा निंगू?"

ते म्हणाले, "जागा कोनाले देतं?"

मी चौथ्या जोडीतल्या एका बाईचं नाव सांगितलं. ती एका दवाखान्यात नर्स होती, पस्तिशीची, सहा वर्षांपासून येत होती, कधी फार बोलायची नाही. सर म्हणाले, "मंग तूच शिकव."

तीन आठवडे मी तिला माझी जागा शिकवली. मी मोजून दाखवायचो, ती मागून करायची, मग मी मागं जाऊन तिच्याकडे पाहायचो. आपली जागा मागून कशी दिसते हे मी सोळा वर्षांत पाहिलंच नव्हतं. दुसऱ्या रविवारी ती मध्येच थांबली.

"दादा, इथं तुमी डावा खांदा पाडता. तो काहून?"

"तो इशारा हाय. बसाच्या आधी."

"मी हनवटीनं देऊ का? खांदा पाडला की माही टिपरी खाली येते."

मी नाही म्हणणार होतो. सरांनी खुर्चीवरून सांगितलं, "करून पाहा." तिनं करून पाहिलं. मागच्या पाचही जोड्या एकदम बसल्या, माझ्या वेळी बसायच्या त्यापेक्षा नीट. सर म्हणाले, "हनवटीनं चालते." मी पाणी प्यायला बाहेर गेलो.

साक्षगंधाच्या आदल्या गुरुवारी दुपारी मी ड्यूटीवर होतो. पहिल्या जोडीचा फेटा आणि कमरपट्टा माझ्या घरी असायचा, तो न्यायला नर्सबाई घरी आली. मी तिला येऊ नका, मी आणून देतो, असं सांगायला हवं होतं. सुचलं नाही. बायकोनं तिला बसवलं, चहा दिला आणि विचारलं, हे कशाले पायजे? ती बिचारी बोलून गेली. तिला वाटलं, घरात माहीत असेलच.

मी संध्याकाळी आलो तेव्हा बायको साक्षगंधाच्या ओटीचे खण मोजून ठेवत होती. मान वर न करता म्हणाली, "रविवारी फायनल हाय म्हने."

"हो."

"मले काहून नाही सांगितलं?"

"सांगून काय होनार होतं? पोरीचं साक्षगंध हाय. मी जानार नव्हतोच."

"इचारलं असतं त मी बी तेच म्हटलं असतं. नका जाऊ म्हनून. पन इचाराले पायजे होतं."

"मले वाटलं, तुह्या डोक्याले ताप नको."

आता तिनं मान वर केली. "ताप नको? आता मी रविवारी पाहुन्याईच्या पाया पडू का तुमच्या तोंडाकडे पाहत राहू? तुमी न सांगता सोडलं, म्हंजे ते आता माह्या डोक्यावर ठेवलं. मी मांगितलं होतं का?"

मी म्हणालो, "पोरगी झाली तवा मी नव्हतो."

"ते मले माहीत हाय," ती म्हणाली. "ते तवाचं तवा झालं. त्याचं पोरीच्या साक्षगंधात काय काम?"

तिनं उरलेले खण माझ्याकडे सरकवले आणि म्हणाली, "हे बारा हायेत का पाहा." मी मोजले. अकराच होते. बारावा आणायला आम्ही दोघं तशीच गाडीवर बाजारात गेलो.

रविवारी मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये सगळं ठरल्याप्रमाणे उशिरा झालं. बाराचं साक्षगंध दीडला लागलं. मुलीनं शेवंतीच्या रंगाचा शालू घेतला होता आणि भावानं मळ्यातली फुलं पाठवली होती, ती हॉलच्या पायऱ्यांपर्यंत पसरली होती. मुलाच्या आईनं तिला कुंकू लावलं, ओटी भरली. अंगठ्या झाल्या. मी इवायांना, मुलाच्या वडिलांना, टोपी-उपरणं दिलं, त्यांनी मला दिलं, गळाभेट झाली. मग पंगती. पुऱ्या, आलू-वांग्याची भाजी, कढी, जिलेबी. मुलीचा बाप म्हणून मला प्रत्येक पंगतीत हात जोडून फिरायचं होतं आणि मी फिरलो. मन लावून फिरलो, हेही खरं आहे. मुलाच्या काकांना तिखट चालत नव्हतं, तर त्यांच्यासाठी वेगळं वरण मीच आत जाऊन घेऊन आलो. मुलगी एकदा जवळ येऊन म्हणाली, "बाबा, तुम्ही अजून जेवले नाही." म्हटलं, "जेवतो."

तीन वाजता मी घड्याळ पाहिलं, मग पाहायचं नाही असं ठरवलं. सव्वातीनला पुन्हा पाहिलं. आता उभे राहिले असतील. आता बसायची चाल. आता गिरकी. हातात जिलेबीचं ताट होतं आणि पाय जागेवरच ताल धरत होता. समोरच्या पंगतीतून बायकोनं ते पाहिलं. तिनं येऊन ताट तेवढं माझ्या हातातून घेतलं.

पाचच्या सुमारास मोबाइलवर मेसेज आला. आमच्या संघाला पहिलं बक्षीस. खाली फोटो. मध्ये सर शाल पांघरून, शेजारी नर्सबाई माझा फेटा बांधून हसत. मला खूप आनंद झाला. तो किती वेळ टिकला ते सांगता येत नाही, फोटो मोठा करून पाहीपर्यंत टिकला असेल. मग मी हॉलच्या मागं गेलो. तिथं आचाऱ्याच्या बाया कढया घासत होत्या. त्यातली एक म्हणाली, "काही पायजे का, भाऊ?" मी म्हटलं, "नाही." थोडा वेळ उभा राहिलो आणि पुन्हा आत आलो, कारण इवाई निघायचं म्हणत होते.

घरी जाताना बायकोला फोटो दाखवला. ती म्हणाली, "चांगलं झालं." मग माझ्याकडे पाहून म्हणाली, "तुमाले वाईट वाटून राहिलं." मी हो म्हणालो. त्या दिवशी तेवढं एक मी तिला वेळेवर सांगितलं.

लग्न तीन महिन्यांनी झालं. वरातीत मुलाकडच्या पोरांनी मला ओढलं, "काका, तुम्ही तर डान्सर!" बँड वाजत होता, सगळे हात वर करून मनाला येईल तसं नाचत होते. मला ते जमेना. मोजल्याशिवाय माझे पाय हलत नाहीत. मी दोन पावलं पुढं, दोन मागं करत राहिलो आणि इवाई, ज्यांनी आयुष्यात नाच केला नव्हता, ते माझ्यापेक्षा बरे नाचले. व्हिडिओ आहे. मुलगी अजून तो लावून हसते.

लग्नाची धावपळ संपल्यावर मी तालमीला गेलो, तर पहिल्या जोडीत नर्सबाई उभी होती. मला पाहून ती बाजूला व्हायला लागली. सर म्हणाले, "राहू दे. बसली आता तिची चाल. तू मांगं उभा राह्य." एवढ्या वर्षांत सरांनी मला मागं उभं राहा असं कधी म्हटलं नव्हतं. मी त्या दिवशी उभा राहिलो आणि पुढचे दोन महिने गेलोच नाही. ड्यूटीचं कारण सांगितलं. सरांनी फोन केला नाही. नर्सबाईनं दोनदा केला. दुसऱ्या वेळी ती म्हणाली, "दादा, मागच्या जोडीले ताल सुटते. मले पुढून दिसत नाही, कोन चुकते ते. तुमी असाल त बरं." हे खरं होतं की माझी समजूत काढायला होतं, मला माहीत नाही. पुढच्या बुधवारी मी गेलो. ताल खरंच सुटत होता.

आता मी शेवटच्या जोडीत नाचतो, उजवीकडे. गेल्या वर्षी स्पर्धा पुन्हा अकोल्यालाच होती. मुलीचं घर तिथंच, म्हणून या वेळी बायकोही आली. लग्नाला तीस वर्षं होत आली, पण पूर्ण दंडार तिनं कधी पाहिली नव्हती. गणपतीत दुरून, गर्दीतून पाहिली असेल तेवढीच. ती, मुलगी आणि इहीणबाई तिसऱ्या रांगेत बसल्या होत्या. मागच्या जोडीतून प्रेक्षक फारसे दिसत नाहीत, समोर पाठी असतात, पण गिरकीत त्या तिघी एकदा दिसल्या. बक्षीस मिळालं नाही.

कार्यक्रम झाल्यावर आम्ही मुलीच्या घरी चालत निघालो. मुलगी आणि इहीणबाई पुढं होत्या. मी बायकोला विचारलं, "कसं झालं?"

"ते पहिली बाई चांगली नाचते."

"हो. चांगली हाय ते."

"तुमी एका ठिकानी चुकले."

"कुठी?"

"खाली बसून उठता तिथं. सगळे उठले, तुमी अर्धेच."

"गुडघा धरते."

"मंग सरले सांगितलं का?"

"नाही."

"काहून नाही सांगितलं?" ती रस्त्यातच थांबली. पुढं गेलेल्या दोघी वळून पाहायला लागल्या. मी म्हटलं, सांगतो, बुधवारी सांगतो, चाल.

बुधवारी सांगितलं. सरांनी गुडघ्याचं सगळं विचारून घेतलं, डॉक्टर काय म्हणतो, औषध कोणतं. मग चाल बदलली. आता पुढच्या पाच जोड्या बसतात आणि शेवटची जोडी उभ्यानंच टिपऱ्या डोक्यावर नेऊन वाजवते. मंचावर ते बरंही दिसतं, असं नर्सबाई म्हणते.